प्रथिनांवरच्या शर्करा, रोगप्रतिकारक पेशी आणि कर्करोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रथिनावर साखर चढते म्हणजे नेमके काय होते?

पेशी प्रथिन घडवत असताना किंवा घडवून झाल्यावर एन्झाइमांच्या मदतीने त्याच्या ठराविक अमिनो आम्लांना शर्करेचे रेणू जोडते. ही क्रिया म्हणजे ग्लायकोसिलेशन, आणि जोडली गेलेली साखळी म्हणजे ग्लायकन. रोगप्रतिकारशास्त्रात आणि कर्करोगात तीन प्रकार सतत भेटतात.

पहिला एन-ग्लायकन. हा अ‍ॅस्परजीनच्या नायट्रोजनला जोडलेला असतो. त्यासाठी प्रथिनात अ‍ॅस्परजीन, मग प्रोलीन सोडून कोणतेही अमिनो आम्ल, मग सेरीन किंवा थ्रिओनीन असा क्रम लागतो. १४ शर्करांची तयार साखळी (३ ग्लुकोज, ९ मॅनोज, २ ग्लकनॅक म्हणजे एन-अॅसिटाइलग्लुकोसामीन) एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये एकदम चढवली जाते, नंतर छाटली जाते आणि गॉल्जीत तिला नव्याने फांद्या फुटतात. क्रम दिसला म्हणजे साखर असेलच असे नाही. डेटाबेसमधल्या कितीतरी जागा निव्वळ क्रमावरून वर्तवलेल्या असतात.

दुसरा म्युसिन प्रकारचा ओ-ग्लायकन. सेरीन किंवा थ्रिओनीनवर आधी एक गॅलनॅक (एन-अॅसिटाइलगॅलॅक्टोसामीन) बसतो आणि पुढे एकेक शर्करा वाढत जाते. याला ठराविक क्रम नसतो. माणसात सुरुवात करून देणारी सुमारे २० वेगवेगळी एन्झाइमे आहेत, त्यामुळे जागा वर्तवणे अवघड जाते.

तिसरा ओ-ग्लकनॅक. पेशीद्रवात आणि केंद्रकात एकच शर्करा चढते आणि उतरते. चढवणारे एन्झाइम ओजीटी, उतरवणारे ओजीए, आणि दोघांचे प्रत्येकी एकच जनुक. वागणूक साखळीपेक्षा फॉस्फेटसारखी. गंमत म्हणजे १९८४ मध्ये टोरेस आणि हार्ट यांना हा बदल सापडला तो उंदराच्या लिम्फोसाइटमध्येच, आणि तेही पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करा शोधताना.

तेव्हा ‘ग्लायकोसिलेशन वाढले’ असे वाक्य कुणी लिहिले, तर कोणत्या प्रथिनावर, कोणत्या जागी, कोणती शर्करा हे आधी विचारावे. त्याची उत्तरे नसतील तर त्या वाक्यातून काहीच कळत नाही.

हिमोग्लोबिन ए१सी हाही हाच प्रकार का?

नाही. ते ग्लायकेशन. तिथे एन्झाइम नसते. रक्तातले ग्लुकोज स्वतःच हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते. ग्लायकोसिलेशन पेशीची एन्झाइमे घडवून आणतात.

मग गोड खाल्ल्याने कर्करोगाच्या पेशींवर जास्त साखर चढते का?

असा सरळ हिशेब नाही. ग्लायकनसाठी लागणाऱ्या शर्करा पेशी बहुतांशी स्वतः बनवते. कोणती साखळी बनेल हे गॉल्जीत कोणती एन्झाइमे किती आहेत, ती कोणत्या क्रमाने बसली आहेत आणि प्रथिन तिथून किती वेगाने पुढे सरकते यावर ठरते. ओ-ग्लकनॅक मात्र पेशीच्या पोषणस्थितीला संवेदनशील आहे. त्याचा कच्चा माल, म्हणजे यूडीपी-ग्लकनॅक, ग्लुकोज आणि ग्लुटामीन या दोन्हींतून बनतो. पण ही गोष्ट पेशीच्या आतल्या चयापचयाची आहे. ताटातल्या पदार्थावरून तिचा अंदाज बांधता येत नाही.

टी पेशींना या शर्करांचा उपयोग काय?

उपयोग बरेच आहेत. त्यातले तीन नीट समजले तर बाकीचे त्यांच्या ओघात येतात.

एक, सक्रिय होण्याचा उंबरठा. गॉल्जीतले एमगॅट५ हे एन्झाइम एन-ग्लायकनला बीटा-१,६ फांदी फोडते. या फांद्यांवर गॅलेक्टिन नावाची प्रथिने बसतात आणि पृष्ठभागावर एक जाळे तयार होते. जाळ्यात अडकलेले टी पेशीचे रिसेप्टर सहज एकत्र येऊ शकत नाहीत, म्हणून पेशी उगाच भडकत नाही. एमगॅट५ नसलेल्या उंदरांच्या टी पेशी कमी उत्तेजनावरही पेटतात आणि त्या उंदरांमध्ये स्वयंप्रतिकाराकडे कल दिसतो, हे २००१ मध्येच दाखवले गेले.

दोन, पत्ता. रक्तातून नेमक्या ऊतीत उतरण्यासाठी पेशी सिलेक्टिन वापरतात, आणि सिलेक्टिन ओळखतात ते सियालिल लुईस एक्स ही शर्करारचना. फ्यूकोज गॉल्जीत पोचवणारे वाहक प्रथिन बिघडले तर पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीवर घरंगळत थांबूच शकत नाहीत. एलएडी-२ हा दुर्मीळ आजार असाच होतो, आणि त्यातल्या काही रुग्णांना तोंडावाटे फ्यूकोज दिल्यावर फरक पडला आहे.

तीन, ओळख बदलणे. विश्रांत टी पेशीच्या ओ-ग्लायकनवर सियालिक अ‍ॅसिडची टोपी (साखळीच्या टोकाला बसणारी ऋणभारित शर्करा) असते. सीडी८ (मारेकरी) टी पेशी सक्रिय झाली की ती टोपी बऱ्याच अंशी जाते आणि भुईमुगातले पीएनए हे लेक्टिन (ठराविक शर्करेला चिकटणारे प्रथिन) जोरात बसू लागते. सीडी४३ या प्रथिनाचे वजन याच काळात ११५ वरून १३० किलोडाल्टनवर जाते. प्रथिन तेच, अंगावरची ओ-साखळी मात्र मोठी झालेली. ही मोठी साखळी जीसीएनटी१ या एन्झाइमचे काम.

आणि कर्करोगात काय बदलते?

चार बदल पुन्हा पुन्हा दिसतात. ओ-साखळ्या अर्धवट राहतात आणि टीएन, सियालिल-टीएन, टी (टी पेशींशी संबंध नाही, ही छोट्या ओ-साखळ्यांची नावे) या एरवी झाकलेल्या रचना उघड्या पडतात. एमगॅट५ वाढून एन-ग्लायकन जास्त फांद्यांचे होतात, आणि त्याचा मेटास्टॅसिसशी संबंध प्राण्यांमध्ये दिसला आहे. सियालिक अ‍ॅसिड वाढते. साखळीच्या गाभ्यातला आणि टोकांवरचा फ्यूकोज वाढतो.

यातला कोणताही बदल फक्त कर्करोगाचाच नाही. दाह झाला तरी सियालिल लुईस रचना वाढतात. सुटी शर्करा पाहून निदान करायला निघालेले बरेच प्रयत्न इथेच ठेचकाळले.

सियालिक अ‍ॅसिड आणि सिग्लेक यांची इतकी चर्चा का आहे?

सिग्लेक हे रोगप्रतिकारक पेशींवरचे रिसेप्टर सियालिक अ‍ॅसिड ओळखतात. त्यांच्यातले बहुतेक पेशीला ‘थांब’ असा संदेश देतात. एनके (नॅचरल किलर, म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या) पेशींवर सिग्लेक-७, मोनोसाइट, न्यूट्रोफिल आणि काही एनके पेशींवर सिग्लेक-९, मॅक्रोफेजवर सिग्लेक-१०. स्वतःच्या ऊतींवर हल्ला होऊ नये म्हणून केलेली ही सोय गाठ स्वतःसाठी वापरते. सीडी२४ आणि सिग्लेक-१० ही जोडी मॅक्रोफेजला गाठीच्या पेशी गिळण्यापासून अडवते, हे २०१९ मध्ये दिसून आले, आणि तेव्हापासून या मार्गाकडे ‘गिळू नका’ अशा पाटीसारखे पाहिले जाते.

प्रयोगाच्या बाजूने एक इशारा. सियालिडेजने पेशीवरची सर्व सियालिक अ‍ॅसिडे काढली आणि मारेकरी पेशींचा त्यांना मारण्याचा वेग वाढला, एवढ्यावरून ‘सिग्लेकमुळे’ असे म्हणता येत नाही. ऋणभार कमी झाल्याने पेशी एकमेकींना जास्त जवळ येतात, गॅलेक्टिनना नवी गॅलॅक्टोज टोके मिळतात, रक्तातल्या पूरक प्रथिनांचे (कॉम्प्लिमेंट) नियंत्रणही बिघडते. सिग्लेक अडवणारी अँटिबॉडी किंवा सिग्लेक नसलेली मारेकरी पेशी सोबत लावली तरच मुद्दा टिकतो. शिवाय सियालिडेज धुऊन टाकल्यावर जिवंत पेशी एक-दोन दिवसांत नवे सियालिक अ‍ॅसिड पृष्ठभागावर आणतात. चार दिवसांच्या सहसंवर्धनाची (दोन्ही पेशी एकत्र वाढवण्याची) आखणी करताना हे विसरून चालत नाही. आणि एन्झाइम मारेकरी पेशींच्या सान्निध्यात राहिले तर त्यांचेही सियालिक अ‍ॅसिड जाते. म्हणून आधी लक्ष्यपेशींवर प्रक्रिया, मग दोन-तीनदा धुणे, आणि त्यानंतरच मिश्रण.

वेस्टर्न ब्लॉटवर पीडी-एल१ चा बँड धूसर आणि पसरट का दिसतो?

पीडी-एल१ हे टी पेशीला आवर घालणारे प्रथिन, आणि वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रथिने आकारमानाने वेगळी करून झिल्लीवर अँटिबॉडीने दाखवण्याची पद्धत. बँड पसरतो कारण तो एकाच प्रथिनाच्या अनेक शर्करारूपांचा थवा आहे. साखर नसलेले पीडी-एल१ सुमारे ३३ किलोडाल्टनवर पळते, साखर असलेले साधारण ४५ ते ५० च्या पट्ट्यात. चार अ‍ॅस्परजीन महत्त्वाचे आहेत: ३५, १९२, २०० आणि २१९. शेवटच्या तिघांवर साखर असली की जीएसके३-बीटा हे किनेज पीडी-एल१ ला चिकटू शकत नाही आणि प्रथिन लवकर नष्ट होत नाही. म्हणजे इथे साखर ही निव्वळ सजावट नसून प्रथिनाचे आयुष्य ठरवणारी गोष्ट आहे.

पसरट बँड ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात एक्स्पोजर कमी करून फक्त गडद भाग मोजू नये. संपूर्ण पट्टा मोजावा, किंवा साखर काढून एकवटलेला बँड मोजावा.

ऊतीच्या कापांवरही हीच अडचण येते. काही अँटिबॉडींना साखरेमुळे पीडी-एल१ नीट दिसत नाही. कापावर आधी एन-ग्लायकन काढले तर संकेत वाढतो आणि पीडी-१ (पीडी-एल१ ओळखणारा टी पेशीवरचा रिसेप्टर) विरोधी उपचारांच्या प्रतिसादाशी त्याचा मेळ अधिक चांगला बसतो, असे २०१९ च्या एका कामात दिसले. निगेटिव्ह आलेला नमुना खरोखर निगेटिव्ह असेलच, हे त्यामुळे गृहीत धरता येत नाही.

पीएनगेज एफ वापरून साखर काढायची नेमकी पद्धत कोणती?

१० ते २० मायक्रोग्रॅम प्रथिन घ्या. ०.५ टक्के एसडीएस (प्रथिनाची घडी उलगडणारे डिटर्जंट) आणि ४० मिलीमोलर डीटीटीमध्ये (डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन) १०० अंश सेल्सिअसला १० मिनिटे उकळा. थंड करा, खाली फिरवून घ्या. मग ५० मिलीमोलर सोडियम फॉस्फेट बफर (पीएच ७.५) आणि अंतिम प्रमाण १ टक्का होईल एवढे एनपी-४० (सौम्य डिटर्जंट) घाला, आणि त्यानंतर एन्झाइम. ३७ अंशांना एक तास. शेजारच्या नळीत सगळे तसेच, फक्त एन्झाइमऐवजी बफर.

सर्वांत जास्त वेळा बिघडते ते एनपी-४० विसरल्याने. एसडीएस पीएनगेज एफला निकामी करते. एनपी-४० ते एसडीएस आपल्यात सामावून घेते. बँड हलला नाही की लोक ‘या प्रथिनावर एन-ग्लायकन नाही’ असे लिहून मोकळे होतात. म्हणून ज्यावर साखर नक्की आहे असे प्रथिन त्याच झिल्लीवर तपासावे. इम्युनोग्लोब्युलिन जीची जड साखळी यासाठी उत्तम: साखर गेली की ती थोडी पण स्पष्ट खाली सरकते.

आणखी तीन खाचखळगे. सुमारे ३६ किलोडाल्टनवर दिसणारा नवा बँड हे बहुतेक वेळा एन्झाइम स्वतःच असते. एकूण प्रथिनांच्या रंगात ते हमखास उठून दिसते. कीटकपेशी किंवा वनस्पतींत बनवलेल्या प्रथिनाच्या गाभ्यात अल्फा-१,३ फ्यूकोज असेल तर पीएनगेज एफ चालत नाही, तिथे पीएनगेज ए लागते. आणि प्रथिन न उकळता, मूळ घडीत ठेवून साखर काढायची तर एक तास पुरत नाही. एन्झाइम जास्त आणि वेळ रात्रभर.

एन्डो एच कधी वापरायचे?

प्रथिन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये अडकले आहे की गॉल्जी ओलांडून गेले, हा प्रश्न असेल तेव्हा. एन्डो एच फक्त जास्त मॅनोजच्या आणि संकरित साखळ्या कापते. पूर्ण प्रक्रिया झालेल्या साखळीला हात लावत नाही. उत्परिवर्तित रिसेप्टर पृष्ठभागावर येत नसेल तर पीएनगेज एफ, एन्डो एच आणि बिनएन्झाइम अशा तीन ओळी शेजारी पळवल्या की बहुतेक उत्तर मिळते.

ओ-ग्लायकन काढणारे असेच एक एन्झाइम नाही का?

नाही, आणि हे मान्य करायला अनेकांना वेळ लागतो. ओ-ग्लायकोसिडेज फक्त साधे कोअर-१ आणि कोअर-३ (ओ-साखळीचे दोन साधे गाभे) कापते, तेही सियालिक अ‍ॅसिडची टोपी आधी काढली असेल तरच. म्हणून सियालिडेज सोबत हवेच. फांद्या फुटलेल्या साखळ्यांसाठी रासायनिक बीटा-एलिमिनेशन करावे लागते, आणि त्यात प्रथिनाचीही पडझड होते.

लेक्टिनने पेशी रंगवताना काय सांभाळायचे?

लेक्टिन स्वस्त, सोपे आणि फसवे. आधी कोणते काय पाहते ते लक्षात ठेवा: एसएनए अल्फा-२,६ सियालिक अ‍ॅसिड, एमएएल-२ अल्फा-२,३, राजम्यातले पीएचए-एल बीटा-१,६ फांदी, एएएल फ्यूकोज, पीएनए उघडे टी अँटिजेन, कॉन-ए मॅनोज.

प्रमाण १ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. आपल्या पेशींवर उतरत्या मात्रा लावूनच ठरवावे. बर्फावर २० ते ३० मिनिटे. बर्फ का? पीएचए-एल आणि कॉन-ए टी पेशींना उत्तेजित करतात आणि गुठळ्या बांधतात. सामान्य तापमानाला रंगवलेल्या टी पेशी फ्लो सायटोमीटरमध्ये जोड्या-जोड्यांनी जातात, आणि वाढलेला संकेत खरा मानला जातो.

बफरमध्ये ईडीटीए नको. कॉन-एसारख्या लेक्टिनना कॅल्शियम आणि मँगनीज लागते. दोन्ही सुमारे १ मिलीमोलर घाला, पण फॉस्फेट बफरऐवजी ट्रिस किंवा हेपिस घ्या, नाहीतर कॅल्शियमचा साका बसेल. ब्लॉकिंगसाठी सीरम वापरू नका; सीरमची प्रथिने स्वतःच साखरेने लडबडलेली असतात आणि लेक्टिन शोषून घेतात. साधे बीएसए बहुधा चालते, पण त्यातही थोडी ग्लायकोप्रथिने मिसळलेली असतात.

कंट्रोल म्हणून लेक्टिन त्याच्या साखरेत आधी भिजवून घ्यावे: एएएलसाठी १०० मिलीमोलर फ्यूकोज, कॉन-एसाठी २०० मिलीमोलर मिथाइल-अल्फा-मॅनोसाइड, पीएनएसाठी २०० मिलीमोलर गॅलॅक्टोज. पीएचए-एल कोणत्याही साध्या एकशर्करेने नीट अडत नाही. त्यासाठी किफुनेन्सीन (साखळीला मॅनोजच्या टप्प्यावर थांबवणारे अवरोधक) देऊन वाढवलेल्या पेशी वापराव्या. त्यांच्यात फांदीच तयार होत नाही. एमएएल-२ सल्फेट असलेल्या गॅलॅक्टोजलाही चिकटते. सियालिडेज वापरल्यावरही उरलेला एमएएल-२ संकेत त्यामुळे ‘एन्झाइम चालले नाही’ याचा पुरावा ठरत नाही. एसएनए गेले का ते पाहा.

दोन चुका जवळजवळ प्रत्येक पहिल्या प्रयोगात होतात. मेलेल्या पेशी वगळल्या जात नाहीत, आणि त्या आतल्या मॅनोज साखळ्यांमुळे प्रचंड चमकतात. आणि सक्रिय टी पेशी आकाराने मोठी असते, म्हणून सगळीच लेक्टिने तिच्यावर जास्त दिसतात. सक्रिय आणि विश्रांत पेशींची तुलना करताना दोन लेक्टिनांचे गुणोत्तर पाहावे, उदाहरणार्थ पीएनए आणि एमएएल-२ यांचे. एकट्या सरासरी चमकेवर विसंबू नये.

लेक्टिनला प्रथिन आणि ग्लायकोलिपिड यांतला फरक कळत नाही, हेही ओघाने आले.

कोणते अवरोधक किती आणि किती वेळ?

ट्युनिकामायसीन पहिलीच पायरी थांबवते. १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, १६ ते २४ तास. पण ते सर्व एन-ग्लायकोसिलेशन बंद करते, घडी न पडलेली प्रथिने साचतात आणि पेशी ताणाखाली जाते. अशा पेशीत पीडी-एल१ कमी झाले म्हणून ‘साखर नसल्याने अस्थिर झाले’ असा निष्कर्ष काढणे धाडसाचे. किफुनेन्सीन त्यापेक्षा पुष्कळ सौम्य: प्रथिनांची घडी नीट पडते, पृष्ठभागावर पोचतात, फक्त साखळी मॅनोजच्या टप्प्यावर थांबते. साधारण ५ मायक्रोमोलर पुरते.

फ्लोरीन जोडलेला फ्यूकोज ५० ते २०० मायक्रोमोलर, फ्लोरीन जोडलेले सियालिक अ‍ॅसिड १०० ते ३०० मायक्रोमोलर. दोन्हींना तीन ते पाच दिवस द्या. ही औषधे नवी साखळी बनू देत नाहीत, जुनी काढत नाहीत. जुनी साखर पेशीविभाजनाने आणि प्रथिनांच्या झिजेने विरळ होईपर्यंत थांबावेच लागते. विभाजन न होणाऱ्या विश्रांत टी पेशींत म्हणूनच परिणाम कमी दिसतो.

२-डीऑक्सिग्लुकोजबद्दल वेगळे सांगायला हवे. ते ग्लायकोलिसिस थांबवते एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. त्याची रचना मॅनोजशीही जुळते आणि ते एन-साखळीत शिरून ती बिघडवते. माध्यमात १ ते २ मिलीमोलर मॅनोज घातल्यावर परिणाम उलटला तर कारण ऊर्जा नाही, साखळी आहे.

अ‍ॅस्परजीन बदलून प्रयोग केला तर हे सगळे टळते ना?

बरेचसे. अ‍ॅस्परजीनच्या जागी ग्लुटामीन घालणे रूढ आहे. पण अमिनो आम्ल बदलल्याचा परिणाम आणि साखर गेल्याचा परिणाम वेगळे करायला त्याच क्रमातले सेरीन किंवा थ्रिओनीन अ‍ॅलनीनने बदललेले दुसरे रूपही बनवा. दोघांचे वर्तन सारखे आले तर साखरेकडे बोट दाखवता येते.

टी पेशींत ओ-ग्लकनॅक मोजताना निकाल रोज वेगळे का येतात?

तीन कारणे, बहुतेक वेळा तिन्ही एकदम.

पहिले, नमुना बनवताना एन्झाइमे चालूच राहतात. लायसिस बफरमध्ये ओजीए थांबवणारे थायामेट-जी १ मायक्रोमोलर असलेच पाहिजे, आणि काम बर्फावर.

दुसरे, माध्यम. आरपीएमआय १६४० मध्ये ग्लुकोज ११ मिलीमोलर असते, जास्त ग्लुकोजच्या डीएमईएममध्ये २५, माणसाच्या रक्तात साधारण ५. शिवाय ग्लुटामीन शीतकपाटातही हळूहळू विघटित होते. सक्रिय टी पेशी माध्यम झपाट्याने संपवतात. तिसऱ्या दिवशीचे पिवळे पडलेले माध्यम आणि ताजे माध्यम यांत ओ-ग्लकनॅक वेगळे येणारच. मोजणीच्या आदल्या दिवशी पेशींची घनता सारखी करून माध्यम बदलावे.

तिसरे, अँटिबॉडी. आरएल२ आणि सीटीडी११०.६ या ओ-ग्लकनॅकच्या दोन अँटिबॉडी एकच गोष्ट पाहत नाहीत. ग्लुकोज काढून घेतलेल्या पेशींत सीटीडी११०.६ अर्धवट एन-साखळीलाही चिकटते आणि उपाशी पेशीत ओ-ग्लकनॅक वाढल्याचा भास होतो. झिल्लीची दुसरी प्रत ०.५ ते १ मोलर ग्लकनॅकसोबत रंगवा. खरा संकेत विरला पाहिजे. नमुन्यावर आधी जिवाणूंतले ओजीए चालवणे हा त्याहून भक्कम कंट्रोल.

बँड वर सरकण्याची वाट पाहू नका. एका शर्करेचे वजन जेमतेम २०३ डाल्टन.

हे मोजणे महत्त्वाचे का, तर ओजीटी नसलेल्या टी पेशी उत्तेजन मिळूनही विस्तारत नाहीत, आणि पीटीईएन हे कर्करोग रोखणारे जनुक गमावल्याने होणारा टी पेशींचा कर्करोगही उंदरात ओजीटीवाचून पुढे जात नाही. हे २०१६ चे काम. सी-मिक हे प्रथिन त्यातला एक दुवा आहे. त्यामुळेच ओजीटी अडवून कर्करोगावर उपचार करण्याची कल्पना जितकी आकर्षक तितकीच अडचणीची: गाठीवर धावून जाणारी टी पेशीही त्याच एन्झाइमवर जगते.

जुर्कॅट पेशींवर ओ-ग्लायकनचा अभ्यास चालेल का?

जपून. जुर्कॅटमध्ये कॉस्मक हे सहायक प्रथिन बिघडलेले आहे. त्यावाचून कोअर-१ बनवणारे एन्झाइम टिकत नाही, आणि ओ-साखळी टीएनवर, म्हणजे एकट्या गॅलनॅकवर थांबते. टी पेशींचे नमुनेदार प्रतिनिधी म्हणून वापरल्या जाणाऱ्या या पेशींवर पीएनए बसत नाही म्हणून गोंधळलेले लोक नेहमी भेटतात. टीएन विरोधी अँटिबॉडीचा पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून मात्र त्या फार कामाच्या.

मास स्पेक्ट्रोमेट्रीचे निकाल वाचताना कुठे फसायला होते?

दोन फ्यूकोज मिळून २९२.११६ डाल्टन आणि एक सियालिक अ‍ॅसिड २९१.०९५. फरक जेमतेम एका डाल्टनचा. सॉफ्टवेअरने समस्थानिकांच्या रांगेतले पहिले शिखर चुकवले की सियालिक अ‍ॅसिडचे दोन फ्यूकोज होतात, किंवा उलट. ‘कर्करोगात फ्यूकोज वाढला’ असा निकाल आला की २७४.०९ आणि २९२.१० ही सियालिक अ‍ॅसिडची खूणशिखरे त्या वर्णपटात आहेत का ते हाताने तपासा. २०४.०९ आणि ३६६.१४ दिसली तर तो ग्लायकोपेप्टाइड आहे एवढेच कळते.

ग्लकनॅक आणि गॅलनॅक यांचे वजन अगदी एकसारखे. त्यांना वेगळे करायला १३८ आणि १४४ या तुकड्यांचे गुणोत्तर पाहतात.

पीएनगेज एफने साखर काढली की अ‍ॅस्परजीनचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल होते आणि वजन ०.९८४ डाल्टनने वाढते. तोच बदल नमुना नुसता पडून राहिला तरी होतो. म्हणून ती क्रिया ऑक्सिजन-१८ च्या पाण्यात करावी. मग वाढ २.९८८ डाल्टन येते आणि शंका बरीच कमी होते.

ओ-ग्लकनॅकसाठी नेहमीचे टक्करीचे विखंडन वापरले तर साखर आधी गळून पडते आणि जागा कळत नाही. ईटीडी (इलेक्ट्रॉन देऊन केलेले विखंडन) किंवा त्याचे संकरित रूप लागते.

अँटिबॉडी औषधांत फ्यूकोज काढून टाकतात, ते का?

इम्युनोग्लोब्युलिन जीच्या प्रत्येक जड साखळीवर २९७ व्या अ‍ॅस्परजीनला एक एन-ग्लायकन असतो. त्याच्या गाभ्यात फ्यूकोज नसेल तर एनके पेशीवरचा एफसी-गॅमा-३ए रिसेप्टर अँटिबॉडीला कितीतरी घट्ट धरतो; काही मोजमापांत पन्नास पटींपर्यंत. रिसेप्टरच्या १६२ व्या अ‍ॅस्परजीनवरही साखळी असते, आणि अँटिबॉडीचा फ्यूकोज या दोन साखळ्यांना जवळ येऊ देत नाही. मोगाम्युलिझुमॅब (जपानमध्ये २०१२ मध्ये मंजुरी) एफयूटी८ (गाभ्यात फ्यूकोज चढवणारे एन्झाइम) नसलेल्या पेशींत बनते. ओबिन्युटुझुमॅब (अमेरिकेत २०१३) वेगळ्या वाटेने जाते: तिथे दुसरे एन्झाइम वाढवून साखळीला मधली फांदी फोडतात, आणि फांदी आधी बसली की फ्यूकोज चढायला जागा राहत नाही.

हेच एफयूटी८ टी पेशींत मात्र पीडी-१ ला पृष्ठभागावर टिकवून धरते. ते काढले की पीडी-१ घटते आणि टी पेशी अधिक जोमाने काम करते.

सीएआर-टी पेशींच्या आड गाठीवरची साखर येते का?

येऊ शकते. सीएआर-टी म्हणजे गाठ ओळखण्यासाठी कृत्रिम रिसेप्टर बसवलेल्या टी पेशी. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींत एमगॅट५ काढल्यावर सीएआर-टी पेशी त्यांना अधिक चांगल्या मारतात, हे २०२२ मध्ये दाखवले गेले. फांद्यांचे दाट झुडूप दोन पेशींमधला घट्ट संपर्क बनू देत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. त्याच कामात २-डीऑक्सिग्लुकोजही वापरले होते, आणि ते ऊर्जेसाठी नव्हे तर एन-साखळी बिघडवण्यासाठी. सीएआरने ओळखायचा भागच साखरेवर अवलंबून असेल तर मात्र साखर काढून लक्ष्यच नाहीसे होईल, आधी तपासा.

सीए १९-९ ही रक्तचाचणीही साखरेचीच का?

हो. सीए १९-९ म्हणजे सियालिल लुईस ए. सर्वसाधारण मर्यादा ३७ युनिट प्रति मिलिलिटर. साधारण ५ ते १० टक्के लोकांमध्ये लुईस एन्झाइम नसते. स्वादुपिंडाचा कर्करोग असला तरी त्यांचा आकडा वाढत नाही किंवा नगण्य राहतो. उलट पित्तनलिका तुंबली तर कर्करोगाशिवायही तो भरपूर वाढतो, म्हणून कावीळ उतरल्यावर पुन्हा मोजतात. निदान झालेल्या रुग्णाचा उपचारातला चढउतार पाहायला ही चाचणी चांगली. धडधाकट माणसाने सहज म्हणून करून घेण्यासारखी नाही.

एएफपी-एल३ ही यकृताच्या कर्करोगासाठीची चाचणी जरा वेगळ्या धाटणीची. तिथे एएफपी हे प्रथिन किती आहे यापेक्षा त्यातल्या किती टक्क्यांच्या गाभ्यात फ्यूकोज आहे हे पाहतात, आणि ते ओळखायला मसुरातले लेक्टिन वापरतात. १० टक्के ही रूढ मर्यादा.